कोठाराची रेघ

“ही रेघ कुठवर जाणार, हेमराज?”

“बांधापर्यंत, बाबा.”

आश्रमाचे चिंधूबाबा बांधाकडं बघत राहिले. हेमराज वाकून चुन्याची फक्की सोडत पुढं सरकत होता.

आश्रमात येण्याआधी हेमराज पुलांच्या कामावर मुकादम होता. आपण आखलेली भिंत कधी सूतभरही हलली नाही, हे तो येईल त्याला सांगे. आश्रमाचं धान वाळवायला आणि साठवायला नवं कोठार बांधायचं ठरलं, तेव्हा ते काम दुसऱ्या कुणाकडं जाण्याचा प्रश्नच नव्हता.

“एवढं सगळं कशाला?”

“ही धान वाळवायची भट्टी, बाबा. ती बिघडली तर ही दुसरी. हे ओल्या धानाचं दालन, हे कोरड्याचं. आणि ही जादा कोठी... एखादी गळालीच तर.”

“आणि जादा कोठीही गळाली तर?”

हेमराज थांबला. त्यानं खरोखरच विचार केला. मग घमेलं उचललं आणि शेजारी आणखी एक चौकोन आखला.

बाबा निघून गेले. परत आले तेव्हा त्यांच्या काखेत भिजवलेल्या बियाण्याची टोपली होती.

“पऱ्हे कुठं टाकू?”

रोवणीसाठी धानाचे पऱ्हे, म्हणजे कोवळी रोपं, दरवर्षी याच तुकड्यात तयार होत. तलावाचं पाणी इथंच आधी पोचायचं.

हेमराजनं वळून पाहिलं. चौकोनाला चौकोन लागत गेला होता. या बांधापासून त्या बांधापर्यंत सगळा तुकडा पांढऱ्या रेघांनी भरला होता.

त्यानं घमेलं खाली ठेवलं.

“बाबा, मागच्या साली...”



मागच्या साली धानाची जबाबदारी हेमराजकडं होती. कापणी झाली, धान शेतात पडलं आणि पाऊस लागून राहिला. कापून पडलेल्या धानाला कोंब फुटले. जे वाचलं त्याला कुबट वास होता. तोच भात आश्रमानं उन्हाळ्यापर्यंत खाल्ला. म्हाताऱ्या फुलवंतामायला तो पचेना. ती पेजेवर राहिली, मग अंथरुणाला खिळली. तेव्हापासून स्वयंपाकघरावरून जाताना हेमराज श्वास रोखून धरी.

“फुलवंतानं तुला बोल लावला?” बाबांनी विचारलं.

“नाही.”

“आणखी कुणी?”

“कुणीच नाही. एखादा शब्द बोलले असते तर बरं झालं असतं.”

“मग ऐक.”



मागच्या अंगणातून फुलवंतामायचा आवाज येत होता. ती उठून हिंडू लागल्याला बरेच दिवस झाले होते. वरणात मीठ कमी पडलं म्हणून ती कुणाला तरी खडसावत होती. एकदा, दोनदा, आणि मग पुन्हा पहिल्यापासून.

हेमराजला हसू फुटलं. हसता हसता तो बांधावर बसला. आपण इतके महिने दात आवळून जगत होतो, हे जबडा सैल पडल्यावर त्याला कळलं.

थोड्या वेळानं तो उठला आणि पायानं रेघा मोडू लागला. बाबांनी मोडलेल्या रेघांवरून फावडं फिरवलं आणि वाफा करायला घेतला.

बांधाच्या पलीकडं एक मुरमाड टेकाड होतं. तिथं कधी काही उगवत नसे आणि पाणीही थांबत नसे. हेमराजनं तिथं नव्यानं आखणी केली. उन्हाला धान पसरायला एक ओटा, पावसाचे दिवस निघावेत म्हणून एक भट्टी, आणि जमिनीपासून उंच उचललेल्या दोन कोठ्या. बस्स. रेघा सरळ आल्या होत्या. त्यानं भोवतीनं एक फेरी मारली आणि त्याला बरं वाटलं.

दुसऱ्या फेरीला मात्र त्याचा पाय अडखळला.

“बाबा...”

“हं.”

“समजा, भट्टी नीट चालली. धान वाळलं. वासबीस काही नाही. पण इतकं पिकलं की कोठ्यांत मावलंच नाही, तर?”

बाबांनी हातांची माती झटकली.

“तर त्या साली पाहुणे बोलाव.”