चिंधूची सावली

फार वर्षं झाली याला. घाटात तेव्हा गाडीरस्ता नव्हता. वर धामणवाडी, खाली कोकणातलं तळेकोंड आणि दोन्हींच्या मधे एक उभी घळ, एवढीच काय ती वाट. तिला खडखडी म्हणायचे, कारण तिच्यात सदा कुठला ना कुठला दगड सुटून खाली जात असायचा. वरचे लोक नाचणी घेऊन उतरायचे, खालचे मीठ आणि सुकी मासळी घेऊन चढायचे. सोयरिकी त्याच वाटेने जुळायच्या आणि लेकी त्याच वाटेने रडत सासरी जायच्या.

धामणवाडीत चिंधू नावाचा वाटाड्या होता. अंगाने काटकुळा, बोलायला कमी. रोज सकाळी तो घळीच्या तोंडाशी जायचा, कातळाला कान लावायचा आणि घळ निजली आहे की जागी, ते सांगायचा. निजली असेल तर कड्यावर ओल्या पाल्याचा धूर करायचा. धूर दिसला की खालची माणसं चढायला लागायची. जागी असेल तर धूर नाही, आणि धूर नाही तर वाट नाही. असं म्हणतात, की दगड एकमेकांशी काय बोलतात ते चिंधूला ऐकू यायचं.

आता खरं सांगायचं तर लोक त्याला वैतागायचे. चिंधू थांबा म्हणायचा, लोक थांबायचे, आणि दिवसभर घळीत खडासुद्धा हलायचा नाही. मग संध्याकाळी चावडीवर त्याची थट्टा व्हायची. सगळ्यांत पुढे त्याचा शेजारी गोमा. माणूस जिवाला जीव देणारा, पण जिभेला हाड नाही. चिंधूला विचारून लग्न ठरवलं तर नवरी मांडवातच म्हातारी होईल, असं तो म्हणायचा. चिंधू नुसता हसायचा. दगड पडला नाही म्हणून हळहळणाऱ्या माणसांना बिचारा सांगणार तरी काय!

मग एका वर्षी पौषात थंडी पडली. तशी ना आधी कधी पडली, ना नंतर. दवाने गवत पांढरं झालं, रांजणातल्या पाण्यावर साय धरली आणि घळीतले झरे कातळाच्या फटींत गोठून बसले. डोंगरातल्या लोकांनी गारा पाहिल्या होत्या, पण वाहतं पाणी जागच्या जागी दगड होतं हे कुणी पाहिलं नव्हतं. म्हातारीकोतारी माणसं घळीला हात जोडून आली.

घळीच्या गळ्यापाशी एक थोरला धोंडा होता. वरचे सगळे दगड त्याच्या पाठीवर रेललेले. त्याच्या बुडाची माती पावसाळ्यात वाहून गेली होती आणि आता त्याला नुसत्या गोठल्या पाण्याने धरून ठेवलं होतं. घळीचं तोंड मावळतीला, त्यामुळे ऊन आत उतरायचं ते दुपार कलल्यावर. ऊन आलं की बुडातून थेंब गळायचे आणि धोंडा कण्हायचा. ऊन गेलं की पुन्हा गप्प. चिंधूने हे रोज पाहिलं आणि गावाला सांगितलं, हा धोंडा आपल्या मनाने खाली जाईपर्यंत घळीत कुणी पाय घालायचा नाही.

पण संक्रांत तोंडावर आली होती आणि चिंधूची एकुलती एक लेक, बायजा, पहिल्या सणाला माहेरी यायची होती. आईविना वाढवलेली पोर. उन्हाळ्यात तळेकोंडला दिली, तेव्हापासून त्याने तिचं तोंड पाहिलं नव्हतं. खाली ती गाठोडं बांधून धुराची वाट बघत बसली असणार, हे त्याला कळत होतं. जीव तुटत होता, तरी त्याने धूर केला नाही.

सणाच्या दिवशी गोमा त्याच्या सोबतीला कड्यावर गेला. चिंधू एकटाच खाली बघत बसेल, हे काही त्याच्या मनाला बरं वाटेना. चिंधू धोंड्याकडे नजर टाकायला बाजूच्या उतारावर गेला होता. गोमाचे दात वाजत होते. त्याने चार काटक्या गोळा केल्या आणि शेकोटी पेटवली. काटक्या दवाने भिजलेल्या. त्या पेटल्या थोड्या आणि धुमसल्या फार. वारा नव्हता, धूर सरळ आभाळात गेला. वाईट करावं असं कुणाच्याच मनात नव्हतं, पण व्हायचं ते झालं.

चिंधू परत आला तेव्हा बायजा आणि तळेकोंडची माणसं घळीत निम्म्यावर आली होती. त्यांना बघून गोमाला कळलं, आपण काय करून बसलो ते. तो ओरडायला लागला. खालच्यांना वाटलं, माहेरची माणसं हाका मारताहेत, म्हणून त्यांनी हात हलवले आणि पाय उचलले. परत फिरावं तर तेवढंच अंतर, आणि ऊन घळीच्या काठावर आलेलं. गोमा खाली धावणार, तोच चिंधूने त्याचं मनगट धरलं.

“तुझ्या पायाखालचा दगड माझ्या लेकीच्या डोक्यात बसंल, गोमा. कुणी हलायचं न्हाई.”

मग त्याने पायातल्या वहाणा काढल्या, खांद्यावर घोंगडी टाकली आणि कडेच्या कातळाला धरून, बोटभर कंगोऱ्यांवर पाय ठेवत तो धोंड्यापाशी उतरला. असं म्हणतात, की त्याच्या पायाखालचा एक कणही हलला नाही. ऊन आत आलं तेव्हा चिंधू धोंड्यासमोर घोंगडी ताणून उभा होता. धोंड्याच्या बुडावर ऊन नव्हतं, चिंधूची सावली होती.

एकेक माणूस त्याच्या बगलेखालून वर गेलं. तो प्रत्येकाला हळूच सांगत होता, बोलू नका, जपून पाय टाका. सगळ्यांत शेवटी बायजा आली आणि थांबली.

“बा, तू बी चल.”

“मी हललो का ह्यो निघाला. तू वर जा, पोरी. वर गेलीस म्हंजी मला माझी लेक भेटली.”

बायजा वर गेली. ऊन चढत्या धगीने घळीत भरलं. असं म्हणतात, की त्याची घोंगडी वाढत वाढत साऱ्या घळीवर पसरली. काही जण सांगतात, घोंगडी होती तेवढीच होती, चिंधूचेच हात वाढले. बाकी सगळीकडे पाणी सुटलं, खडे घरंगळले, पण त्याच्या सावलीतला एक थेंब गळला नाही.

मग खालून त्याची हाक आली. “आली का समदी?”

गोमा उत्तर द्यायला गेला, तर बायजाने त्याच्या तोंडावर हात ठेवला. उत्तर दिलं नाही तर बा उभा राहील, उभा राहिला तर ऊन मावळेल, थंडी पडेल, धोंडा पुन्हा धरला जाईल. सगळे गप्प बसले. चिंधूने पुन्हा विचारलं. पुन्हा कुणी बोललं नाही. बायजा पालथी पडून खाली बघत होती. बापाचे हात खाली येत होते आणि तो ते पुन्हा वर नेत होता. आपली लेक अजून घळीतच आहे, असं त्याला वाटत होतं. त्या भीतीनेच तो उभा होता. तिला ते बघवेना.

तिसऱ्यांदा हाक आली, अगदी बारीक. तेव्हा बायजाच बोलली.

“आली, बा. समदी आली.”

चिंधूने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. असं म्हणतात, की तो हसला. मग त्याने हात खाली घेतले.

खडखडी तिन्हीसांजेपर्यंत गडगडत होती. दुसऱ्या दिवशी लोक उतरले, तेव्हा घळ स्वच्छ धुतल्यासारखी मोकळी होती. धोंडा नव्हता, चिंधूही नव्हता. घोंगडी तेवढी कारवीच्या झुडपाला अडकली होती. काही जण म्हणतात, तो अजून घळीतच हिंडतो आणि सुटू पाहणाऱ्या दगडांना हात लावून बसवतो. गोमा त्यानंतर जन्मभर शेकोटीजवळ बसला नाही.

आता घाटातून रस्ता झाला आहे, तरी संक्रांतीला धामणवाडीच्या लेकी घळीनेच माहेरी येतात. त्या दिवशी कड्यावर कितीही हुडहुडी भरली तरी शेवटचं माणूस वर येईपर्यंत कुणी काडी ओढत नाही. सगळ्या आल्या की त्यांतली एक मागे वळते आणि घळीत वाकून सांगते, “समदी आली, बा. आता तू ये.”

मग सगळे जण थोडा वेळ थांबतात.