अप्पर साहेबांचे पिवळे दिवे

घाटमाथ्यावर गाड्यांचं वायरिंग करणारे दाजी राऊळ त्या दिवशी पार वैतागले होते. अप्पर तहसीलदार म्हणून निवृत्त झालेले खानविलकर साहेब आठवड्यात तिसऱ्यांदा दारात उभे होते आणि तक्रार तीच.

"राऊळ, धुक्यात समोरचं काही म्हणजे काही दिसत नाही! आणखी जोरदार पांढरे दिवे बसव."

"साहेब, किती वेळा सांगू? पांढरा झोत धुक्यावर आपटून तुमच्याच डोळ्यांत परत येतो. काल समोरच्या टेम्पोवाल्याचे डोळे दिपले आणि टेम्पो कठड्याला घासला. बंपरखाली पिवळे फॉगलाइट लावू, आणि झोत खाली पाडून गाडी डिप्परवर चालवा."

"डिप्परवर? मी?" साहेब कडाडले. "अरे, मी अप्पर होतो, अप्पर! माझी गाडीही अप्परवरच चालणार!"

शेजारच्या टपरीवर चहा पिणारे ड्रायव्हर कान टवकारून ऐकत होते. दाजींनी हातातली पक्कड खाली ठेवली.

"साहेब, माझा सात-बाराचा अर्ज तुमच्या टेबलावरून तीनदा परत आला होता. चौथ्यांदा टेबलाखालून पाकीट दिलं, तेव्हा कुठे तो पुढं सरकला. या धुक्याचा कारभार अगदी तुमच्या कचेरीसारखा आहे. वरून पाठवलं की परत येतं. पुढं जायचं असेल, तर खालूनच जावं लागतं."

टपरीवर हशा पिकला. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "बसव ते पिवळे."

साहेब डिप्परवर आले होते.