दहा पानांची पंगत

करंजपाड्यात वीज पोहोचल्याचं जाहीर करायला वीज खात्याचे मोठे साहेब लवाजमा घेऊन आले. सरपंच धुरपदाबाई म्हणाल्या, “साहेब, चाळीसपैकी चारच घरांत दिवा लागतो.”

“दहातल्या एका घरात वीज आली की गावात आली. तसा नियमच आहे.”

धुरपदाबाई वाद घालणाऱ्यांतल्या नव्हत्या. दुपारी त्यांनी पाहुण्यांची दहा पानं मांडली, पिठलं-भाकरी एकट्या ड्रायव्हरला वाढली, आणि त्याचं जेवण होताच सगळ्यांपुढे हात धुवायला पाणी ठेवलं.

“अहो, आमची पानं रिकामीच आहेत,” साहेब म्हणाले.

“दहातला एक जेवला ना साहेब? मग पंगत जेवली.”

साहेबांनी पेन काढलं, घोषणेच्या कागदावरचं ‘संपूर्ण गाव’ खोडून ‘चार घरं’ लिहिलं. मगच बाईंनी भाकरीची टोपली उचलली.