हैबती पाटलाचे स्वच्छ तळे

एका पठारावर एक गाव होते आणि त्या गावाला चिखलावर दात धरून बसलेला एक पाटील होता. त्याचे नाव हैबती.

आता त्या गावचा चिखलही काही साधासुधा नव्हता. पठारावर दाट रान होते. जांभूळ, हिरडा, अंजन अशी झाडे, आणि त्या झाडांखाली तांबडी चिकण माती. पावसाळ्यात ती पायाला धरायची ती सोडायची नाही. वहाणेखाली मातीची दुसरी वहाण, तिच्याखाली तिसरी, असा माणूस चालता चालता वीतभर उंच व्हायचा. उन्हाळ्यात हीच माती तडकायची आणि तिच्यावर कुदळ मारली तर कुदळच उलटी उडायची. रानात पाचोळ्याखाली होती तेवढी मऊ राहायची, बाकी सगळी वीट. ओली असली की सोडत नाही, वाळली की फुटत नाही! "अशा मातीचं करायचं तरी काय?" असे हैबती रोज एकदा तरी विचारायचा. गावात कोणाकडेच उत्तर नव्हते, म्हणून सगळे मान डोलवायचे.

हैबतीला स्वच्छतेचे भारी वेड. धोतर पांढरेशुभ्र, अंगण लख्ख. दारात आलेल्या माणसाच्या पायांकडे तो आधी बघायचा, तोंडाकडे नंतर. सोयरा असो की सरदार, "या, बसा" म्हणण्याआधी "पाय धुतले का?" ठरलेले. त्याची बायको ठकूबाई या प्रश्नाला पार विटली होती.

पण सगळ्यावर कडी केली होती ती तळ्याने. रानाच्या मधोमध गावाचे एकच तळे होते. पावसाचे पाणी त्यात साचायचे आणि पुढच्या पावसापर्यंत पुरायचे. पठारावर दुसरे पाणीच नव्हते. त्या तळ्यावाचून प्यायचे झाले तर कडा उतरून खालच्या ओढ्यावर जायचे आणि भरला हंडा डोक्यावर घेऊन तोच कडा चढायचा. आणि असल्या तळ्यात कोंडू गवळ्याच्या म्हशी दिवसभर लोळत पडायच्या! पाणी बारा महिने गढूळ. घरी आणलेला हंडा निवळायला रात्रभर ठेवावा लागे.

"हे पाणी आहे की कालवण?" लोटा तोंडाला लावताना हैबती ओरडायचा. मग डोळे मिटून प्यायचा.

एका उन्हाळ्यात तळे तळाला गेले आणि हैबतीच्या मनाने घेतले. त्याने सगळा गाव गोळा केला.

"यंदा तळं साफ करायचं," तो म्हणाला. "नुसता वरचा गाळ नाही, खालची चिकण मातीसुद्धा. पार कातळ लागेपर्यंत! तळाचा दगड काठावरून दिसला पाहिजे."

गावाला ते फार आवडले. चिखलाचा कंटाळा सगळ्यांनाच आला होता. एवढी शहाणी माणसे जमली होती, पण ही माती इथे बसून करते तरी काय, असे एकानेही विचारले नाही. फक्त कोंडू गवळी डोके खाजवत म्हणाला, "पाटील, मग माझ्या म्हशी कुठं बसवू?"

"तुझ्या डोक्यावर बसव!" पाटील म्हणाला आणि लोक पोट धरून हसले.

झाले, खणणे सुरू झाले. वरचा गाळ निघाला, पण खालच्या मातीने सगळ्यांना रडवले. फावडे एकदा मारावे आणि दोनदा खरवडावे. घमेले उलटे केले तरी माती पडायची नाही, घमेल्यालाच चिकटून बसायची. हैबती काठावरून खेकसत होता, आणि लोक मातीवर दात-ओठ खात ती रानाच्या कडेला नेऊन टाकत होते. एका कोपऱ्यात मात्र कोणाचे काही चालेना. तिथे कोंडूची म्हातारी म्हैस चांदी बसली होती. तिला ओढले, ढकलले, शेपूट पिरगळली. ती ढिम्म हलली नाही. शेवटी हैबतीने स्वतः दावे धरले, तेव्हा तिने फक्त कान हलवला आणि पाटलाच्या धोतरावर चिखलाचे शिंतोडे उडाले.

"मरू दे तिला! तेवढा कोपरा राहू द्या," हैबती म्हणाला.

बाकी सगळीकडे जांभा लागला, तांबडा, भोकाभोकांचा दगड. हैबतीने तो स्वतः खराट्याने झाडला. तळ्याभोवती काट्यांचे कुंपण घातले आणि म्हशींना बंदी केली.

पावसाळा आला. पठारावरचा पाऊस तो. तळे भरून वाहू लागले आणि पाणी असे नितळ, की तळाचा दगड न् दगड मोजावा. हैबतीला कोण आनंद! येईल त्याला हात धरून तो तळ्यावर न्यायचा. लोक म्हणायचे, पाटील असावा तर असा.

मग पाऊस थांबला. दसऱ्याला तळे अर्धे झाले. दिवाळीत खडखडीत.

हैबती आधी उन्हावर चिडला. मग बायकांवर चिडला, की हंडे फार भरता. मग त्याची खात्रीच पटली की कोंडू रात्री म्हशी आणून पाजतो. कोंडूला चार लोकांत वाटेल तसे बोलून घेतले. कोंडू बिचारा घरी गेला, पण त्याची बायको आठवडाभर पाटलाच्या घरावरून जाताना मोठ्याने खाकरत होती. काही उपयोग झाला नाही. पाणी परत आले नाही ते नाहीच.

आता बायका कडा उतरू लागल्या. एका म्हातारीचा पाय घसरला आणि ती हंड्यासकट गडगडली. वाचली, पण पाय अधू झाला. काही घरांनी सामान बांधायला घेतले. पाण्यावाचून गाव राहणार कसे?

अशात एक दिवस ठकूबाई कडा चढून आली. तिने हंडा उतरवला, पदराने तोंड पुसले आणि नवऱ्याला म्हणाली, "तुमचं तळं फार स्वच्छ झालंय हो. पाण्याचासुद्धा डाग नाही त्यात."

हैबतीला ते फार लागले. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो एकटा तळ्यावर गेला. सगळा जांभा कोरडा ठणठणीत पडला होता. पण एका कोपऱ्यात, जिथली माती काढायची राहिली होती तिथे, घोटाभर पाणी उभे होते आणि कुंपण मोडून आलेली चांदी त्यात डोळे मिटून रवंथ करत होती.

हैबतीने हातातल्या लोट्यातले थोडे पाणी जांभ्यावर ओतले. दगडाच्या भोकांनी ते घटाघट पिऊन टाकले. उरलेले त्याने चिखलात ओतले. ते जागचे हलले नाही.

मग त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण या वेळी चिडायला समोर दुसरे कोणी नव्हते. ती हट्टी, चिवट, पायाला धरली की न सोडणारी माती पाण्यालाही तशीच धरून ठेवत होती, आणि त्याने ती फावड्याने काढून फेकून दिली होती.

गावात परतला तर चावडीवर बैठक भरलेली. रानातल्या देवाचा कोप झाला, असे लोकांचे ठरत आले होते. नवस कोणता बोलायचा एवढेच बाकी होते. हैबतीने नुसती मान डोलवली असती तरी त्याची अब्रू राहिली असती. मान डोलवावी असे त्याला फार वाटले.

शेवटी तो म्हणाला, "देवाला मधे आणू नका. देवानं माती घातली होती. मी ती काढली." मग कोंडूकडे वळून म्हणाला, "आणि तुला उगाच बोललो."

बोलणे सोपे होते, माती परत घालणे नव्हते. रानाच्या कडेचे ढीग वाळून दगड झाले होते. कोणीतरी पाचोळ्याखालच्या मऊ मातीकडे फावडे वळवले, तर हैबती अंगावर धावून गेला, "एकदा काढून बघितली ना? आता झाडांखालची पण काढता?" मग सगळा गाव लाकडी मोगऱ्या घेऊन ढेकळे फोडू लागला. ती भिजवायला पाणी हवे, म्हणून बायका पुन्हा कड्यावर.

"चिखल करायला पाणी वाहून आणतेय मी!" ठकूबाई म्हणाली. "या घरात!"

भिजवलेली माती जांभ्यावर पसरली, तर ती नीट बसेना. माणसांच्या पायांना तेवढा भार नव्हता. म्हशीच हव्या होत्या. हैबती कोंडूच्या दारात गेला, मागोमाग गाव.

कोंडू म्हणाला, "चांदी पुढं झाली तरच बाकीच्या येतात. आणि चांदी दावं ओढून उठत नाही, कोणी चिखलात उतरून तिच्यापुढं चाललं तरच उठते."

सगळ्यांनी पाटलाच्या धोतराकडे पाहिले. हैबतीने दात-ओठ खाल्ले, कासोटा खोचला, दावे हातात घेतले आणि मांडीभर चिखलात उतरला. चांदी उठली. दिवसचे दिवस तो त्या म्हशींपुढे गोल गोल चालत राहिला, तोंडाने मातीला, म्हशींना आणि स्वतःला शिव्या देत. पायाखालची माती दबत दबत भोकाभोकांत बसली.

पुढच्या पावसात तळे भरले. दिवाळी गेली, होळी गेली, तरी पाणी होते.

ऐन उन्हाळ्यात ठकूबाईचा भाऊ पठारावर आला. तिने त्याच्या हातात लोटा दिला. त्याने तो उजेडाकडे धरला, आत बघितले आणि नाक मुरडले.

"दाजी, पाणी जरा गढूळ दिसतंय."

"गढूळ आहे!" हैबती कडाडला. "पण आहे ना?"

तात्पर्य: एखाद्या गोष्टीचा वैताग आला म्हणून ती मुळासकट काढून टाकण्याआधी, ती आपले काय सांभाळून बसली आहे ते पाहावे, आणि पाहायला उशीर झालाच, तर चूक निदान देवाच्या किंवा शेजाऱ्याच्या माथी मारू नये.