जोडीदाराचा कार्यभार

आमच्या विद्यापीठात रिकामं पद भरत नाहीत. त्याचा अतिरिक्त कार्यभार कुणाच्या तरी गळ्यात मारतात. टेनिसचे कंत्राटी प्रशिक्षक ‘परवडत नाहीत’ म्हणून कुलगुरू नाडगौडांनी त्यांना घरी पाठवलं आणि कार्यभार दिला उद्यान अधीक्षकांकडे. का, तर कोर्टाच्या कडेला हिरवळ आहे! त्याच महिन्यात कुलगुरूंच्या दालनात नवे सोफे आले.

टेनिस संघाची कर्णधार रेवती भोंगळे ‘प्रशिक्षक परत द्या’ असा अर्ज घेऊन गेली, तेव्हा कुलगुरू म्हणाले, “अगं, एक माणूस दोन कामं सहज करतो. मनापासून करायला हवीत.”

पुढे आंतरविद्यापीठ स्पर्धा आमच्याकडेच भरली. मुलींच्या दुहेरीचा अंतिम सामना; समोर कुलगुरू, पाहुणे, पत्रकार. पलीकडे दोघी उभ्या, अलीकडे रेवती एकटीच. तिची जोडीदार रॅकेट मांडीवर घेऊन प्रेक्षकांत बसली होती. दोघींनी रडत रडतच हे ठरवलं होतं.

“तुझी जोडीदार कुठंय?” कुलगुरूंनी माइकवरूनच विचारलं.

“तिचा अतिरिक्त कार्यभार माझ्याकडे आहे, सर. मनापासून करीन.”

पाहुणे हसले. कुलगुरूंचा चेहरा लालबुंद झाला. “हे नियमात बसतं का?”

“खेळाच्या नियमात नाही बसत, सर. आपल्या विद्यापीठाच्या बसतं.”

पंचांनी सामना पलीकडच्या जोडीला बहाल केला. वर्षभराची मेहनत एकही चेंडू न मारता वाया गेली. बक्षिसं वाटायला कुलगुरू थांबले नाहीत. तोही कार्यभार उद्यान अधीक्षकांकडेच आला.