तिसऱ्या ओळीतले चिन्ह

एकदा एक शिष्या बिछाना गुंडाळून वृद्ध गणिताचार्यांसमोर उभी राहिली. "गुरुजी, मी घरी जाते. गणित माझ्या डोक्यात शिरत नाही," ती म्हणाली.

आचार्यांनी त्रिकोणमितीची एक नित्यसमानता सिद्ध करायला दिली होती. साइनच्या चौथ्या घातातून कोसाइनचा चौथा घात वजा केला, की उरणारा फरक एकातून साइनवर्गाची दुप्पट वजा केल्याइतका भरतो, असे दाखवायचे होते. वर्षानुवर्षे शिष्य ती सिद्ध करून शाबासकी घेत आले होते. हिची डावी बाजू मात्र दर वेळी नेमक्या उलट चिन्हाने येई. तिने पुन्हा मांडले, पुन्हा पुसले. अखेर साधी वजाबाकी तरी आपल्याला येते का, असे तिला वाटू लागले. आपल्याकडे 'सिद्ध करा' म्हटले की ते सिद्ध होणारच, ही समजूत फार चिवट आहे.

आचार्यांनी पंचेचाळीस अंशांचा कोन घेतला. दोन्ही बाजू शून्य आल्या. "हे बघ, जुळतंय की."

ती आणखीच गोंधळली. "पण गुरुजी, तीस अंशांना डावीकडे उणे अर्धा येतो आणि उजवीकडे अधिक अर्धा. माझंच काहीतरी चुकत असेल."

आचार्यांनी स्वतः करून पाहिले. पुन्हा केले. आता तेही गोंधळले. त्यांनी सर्वांत हुशार गणल्या जाणाऱ्या शिष्याला बोलावले. "तू हे सिद्ध केलं होतंस ना? मग तीस अंशांना का जुळत नाही?"

तो जमिनीकडे पाहू लागला. "शेवटी काय यायला हवं ते ठाऊक होतं, गुरुजी. म्हणून तिसऱ्या ओळीत चिन्ह बदललं. तुमचं उदाहरण चुकेल असं मनातसुद्धा आलं नाही." शेजारी उभ्या असलेल्या इतरांनीही माना खाली घातल्या.

आचार्य रागावले नाहीत. ते आसनावरून उठले, त्या शिष्येला तिथे बसवले आणि स्वतः शिष्यांमध्ये खाली जमिनीवर बसले. कोणालाच काही उमजेना, आणि तिला तर मुळीच नाही.

"चूक माझी," ते म्हणाले. "उजव्या बाजूची पदे मी उलटी लिहिली. ती चूक एका दिवसात मेली असती. तुमच्या आदराने तिला इतकी वर्षे जगवले. मीही शेवटची ओळ तेवढी पाहून शाबासकी वाटत राहिलो. या पोरीने स्वतःला मूर्ख ठरवले, पण चिन्ह बदलले नाही. आणि मी तुम्हा सर्वांना ठेवून घेऊन नेमके हिलाच घरी जाऊ देणार होतो. मला त्याची लाज वाटते."

मग तिने हळूच विचारले, "म्हणजे मला गणित येतं, गुरुजी?"

"तेही माझ्या शब्दावर धरून चालू नकोस, बाळ."

ती क्षणभर गोंधळली. मग तिने पाटी पुढे ओढली, उजव्या बाजूची पदे उलटी करून लिहिली आणि साठ अंशांचा कोन घेतला.