नावं न ठेवता येणारं लुगडं

"दसऱ्याच्या मिरवणुकीत असं लुगडं नेसून चाल, की गावात एकालाही त्याला नावं ठेवता येणार नाहीत. एकानं जरी ठेवली, तर गाव सोडायचं!" रायाजीराजांनी भर दरबारात मला फर्मावलं.

मी मैनावती. कोष्ट्यांची नवी लुगडी नेसून बाजारातून चालायचं, हा माझा धंदा. मी नेसले की लुगडं खपलंच! देवानं मला उंची दिली, चाल दिली. डोकं वाटत होता तेव्हा मात्र मी आरशासमोर असणार.

वाद तर माझ्या पाचवीलाच पुजलेले. पदर डोक्यावरून घेतला तर ढोंगी, खांद्यावर घेतला तर निर्लज्ज! परवा एका बारशाला काळी चंद्रकळा नेसून गेले. संक्रांतीला गावानं वाहवा केलेली, तीच! सदा नावं ठेवणाऱ्या गुंडोपंतांनी 'बारशाला काळं!' म्हणत राजवाड्यापुढे माणसं जमवली. निम्मी माझ्या बाजूनं, निम्मी विरुद्ध. पागोटी उडाली, आणि राजे वैतागले.

घरी येऊन मी भोकाड पसरलं. "ठकू, गाव सुटलं तर मी जगू कशी? मला चालण्याशिवाय काही येत नाही गं!"

"ते मला ठाऊक आहे," मला रोज लुगडं नेसवणारी ठकू म्हणाली. "रडू नका बाई, काजळ पसरतंय."

ती टोपली घेऊन निघाली. दारोदार एकच मागणं: "गोधडी शिवायचीय. आईच्या, आजीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा द्या." गोधडीला कोण नाही म्हणतं? गुंडोपंतांच्या घरूनही मिळाला. आणि दसऱ्याला ठकूनं माझ्यापुढे ठेवलं, नुसत्या ठिगळांचं लुगडं!

"अगं बाई! हे नेसू? लोक काय म्हणतील?"

"म्हणून तर बघू देत की!"

मी नेसले. मिरवणुकीत गुंडोपंत तावातावानं पुढे आले. "हे काय सोंग? ही असली चिंध्यांची..." आणि थबकले. माझ्या पदरावर त्यांच्या आईच्या लुगड्याचा हिरवा तुकडा होता. त्यांनी डोळे पुसले आणि हात जोडले. माझ्याकडे बघून नव्हे, पण मी मान डोलावून घेतली.

मग जो तो आपला तुकडा शोधू लागला. "ही बघा आमची आजी!" नावं ठेवायला तोंड कुणाला होतं?

"थांबा!" राजे हत्तीवरून उतरले. "गाव गप्प बसलं, मी नाही! रंगाला रंग जुळत नाही, काठाला काठ नाही. ठेवली नावं! मैनावती, गाव सोड!"

मी वळून ठकूला हाक मारली. ठकू पुढे झाली.

"महाराज, नावं खुशाल ठेवा. फक्त बाईंच्या खांद्यावरचं जांभळं ठिगळ आधी बघा."

राजे वाकले, आणि त्यांचा आवाजच बदलला. "हे... हे तर आईसाहेबांचं!"

"राणीसाहेबांनी जपून ठेवलं होतं, गोधडीसाठी त्यांनीच दिलं. लहानपणी आपण नाक पुसायचात तोच पदर, महाराज. डाग अजून गेला नाही!"

मग राजे असे खदखदून हसले, की मुकुट सावरायला प्रधान धावला.

"हरलो गं बाई, हरलो!" हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी ठकूच्या हातात घातलं.

"आणि मला, महाराज?" मी मान उंचावून विचारलं.

"तू गावातच राहा आणि खुशाल चाल! पण घरातून निघताना डोकं बरोबर घेत जा," ठकूकडे बोट दाखवत राजे म्हणाले, "हे!"